दुकानाच्या माडीवरचं गुपित

मुंबईत फोर्ट भागात किंवा दिल्लीत जनपथावर फिरताना तुम्ही फ्रीमेसन्स हॉलची पाटी कधी पाहिली आहे का? त्यांची एक ठरलेली खूण असते. गवंड्याचा गुण्या, त्यावर उघडलेला कंपास आणि बहुतेक वेळा मध्ये इंग्रजी 'जी' हे अक्षर. उत्तरेकडे जुनी माणसं अशा इमारतीला सरळ 'जादूघर' म्हणायची. आत काय चालतं ते बाहेरच्याला कळत नाही, मग प्रत्येक जण आपापल्या परीनं कल्पना लढवतो.

आता दुसरं चित्र. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी आणि जोडीनं फिरणारी विशीतली दोन मुलं. बंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्लीत राहत असाल तर कधी तरी दिसली असतील. हे मॉर्मन मिशनरी. त्यांच्या चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हा शब्द आता त्यांनाच फारसा आवडत नाही, पण जगात तोच रुळलाय, म्हणून या लेखात मीही तोच वापरते आहे.

या दोघांची नावं मला पहिल्यांदा जवळजवळ दिसली ती कॉलेजात शेरलॉक होम्समुळे. होम्सची पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ मध्ये आली आणि तिचा अर्धा भाग युटातल्या मॉर्मनांवर आहे, तोही चांगलाच भडक. त्याच वर्षी तिचा लेखक आर्थर कॉनन डॉयल फ्रीमेसन झाला होता. हा निव्वळ योगायोग असेल असं समजून मी पुढे गेले. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की या दोन जगांचं नातं कादंबरीपेक्षा पंचेचाळीस वर्षं जुनं आहे. त्या नात्यात एक नाहीसा झालेला माणूस आहे, किराणा दुकानाची माडी आहे, तुरुंगाची खिडकी आहे. आणि एक बाई आहे, जिच्या आयुष्यात ही दोन्ही गुपितं येऊन गेली. सुरुवात तिच्यापासूनच करू या.

नवरा परत आलाच नाही

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात बटाविया नावाचं गाव आहे. १८२६ च्या सप्टेंबरात तिथे ल्युसिंडा मॉर्गन ही पंचविशीतली बाई दोन लहान मुलांना घेऊन नवऱ्याची वाट पाहत होती. नवरा विल्यम मॉर्गन पेशानं खराखुरा गवंडी होता. फ्रीमेसन मंडळींशी त्याचं बिनसलं होतं आणि त्यांचे गुप्त विधी, खुणा, शपथा सगळं छापून टाकणारं पुस्तक काढायचं त्यानं ठरवलं होतं. एका छापखानेवाल्यानं ते छापायची तयारीही दाखवली होती.

मग एका किरकोळ उधारीच्या तक्रारीवरून मॉर्गनला उचलून कॅनंडेग्वा गावच्या तुरुंगात टाकलं. उधारी तीन डॉलरपेक्षाही कमी! १२ सप्टेंबरच्या रात्री कुणी तरी ती रक्कम भरून टाकली, त्याला तुरुंगातून बाहेर काढलं आणि घोडागाडीत कोंबलं. नवरा सुटेल या आशेनं ल्युसिंडानं घरातले त्याचे कागद मेसनांच्या हवाली केले होते. कागद गेले आणि नवराही गेला. मॉर्गन पुन्हा कुणालाच दिसला नाही.

त्याचं पुस्तक मात्र छापून आलं आणि धडाधड खपलं. खटले उभे राहिले, पण शिक्षा इतक्या हलक्या झाल्या की लोक चिडले. पोलीस अधिकारी, न्यायाधीश, पंच यांच्यातच मेसन असतील तर न्याय मागायचा कुणाकडे, असं जो तो विचारू लागला. या संतापातून मेसनविरोधी पक्ष जन्माला आला. अमेरिकेतला तो पहिला तिसरा पक्ष. १८३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याच्या उमेदवारानं, विल्यम वर्टनं, व्हरमाँट हे अख्खं राज्य जिंकलं. गावोगावचे लॉज बंद पडले. लॉज म्हणजे मेसनांची शाखा, आणि ती जिथे भरते ती जागाही.

ज्या कॅनंडेग्वातून मॉर्गनला पळवलं तिथून वीसेक किलोमीटरवर पालमायरा गावाजवळ एका शेतकऱ्याचा विशीतला मुलगा राहत होता. जोसेफ स्मिथ.

सोन्याच्या पत्र्यांवरचं पुस्तक

जोसेफचं म्हणणं होतं की देवदूतानं त्याला टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले आणि त्यावरची प्राचीन भाषा त्यानं दैवी शक्तीनं इंग्रजीत आणली. ते 'बुक ऑफ मॉर्मन' मार्च १८३० मध्ये पालमायरात छापलं गेलं आणि ६ एप्रिलला त्यानं आपलं चर्च स्थापन केलं.

गंमत म्हणजे या पुस्तकात गुप्त टोळ्यांवर चांगलीच टीका आहे. शपथांनी बांधलेले, खुणांनी एकमेकांना ओळखणारे, खून पचवणारे लोक राज्यं कशी पोखरतात हे त्यात पुन्हा पुन्हा येतं. मॉर्गन प्रकरण ताजं असताना हे वाचणाऱ्या अनेकांना वाटलं की हा टोला मेसनांनाच आहे. मॉर्मनांना हे मान्य नाही. पुस्तक प्राचीन आहे, त्याचा शेजारच्या गावातल्या भानगडीशी संबंध नाही, असं ते म्हणतात. पण त्याच घरातला थोरला भाऊ हायरम आधीपासून पालमायराच्या लॉजचा सभासद होता. म्हणजे जोसेफच्या घरात मेसनरीविषयीची भीती आणि तिची ओढ दोन्ही नांदत होत्या.

इथे मेसनरी म्हणजे नेमकं काय ते थोडक्यात सांगते. मध्ययुगात चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या गवंड्यांच्या संघटना होत्या. हळूहळू त्यांत गवंडीकामाशी संबंध नसलेले सभ्य गृहस्थ शिरले आणि २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एका खानावळवजा दारूच्या गुत्त्यात जमून आपली मध्यवर्ती ग्रँड लॉज काढली. अवजारं राहिली, पण त्यांचे अर्थ बदलले. गुण्या म्हणजे सरळ वागणं, कंपास म्हणजे स्वतःला मर्यादेत ठेवणं, कमरेला पांढरा ॲप्रन. तीन पायऱ्या चढायच्या आणि प्रत्येक पायरीला नवी खूण, हात धरण्याची नवी पद्धत, नवा परवलीचा शब्द, नवी शपथ. तिसऱ्या पायरीवर चक्क एक नाटक असतं. राजा सॉलोमनच्या मंदिराचा मुख्य कारागीर हायरम अबिफ, एका विधवेचा मुलगा, गुपित फोडायला नकार देतो आणि मारला जातो. सभासदाला स्वतः ती भूमिका करावी लागते. यातला 'विधवेचा मुलगा' लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

हाकलले गेलेले लोक

जोसेफचे अनुयायी वाढत गेले, तसे शेजाऱ्यांचे वैरीही. न्यूयॉर्क सोडून ते ओहायोत गेले, तिथून मिसूरीत. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिसूरीचा गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यानं हुकूम काढला की मॉर्मनांना राज्यातून हाकलून द्या, नाही तर त्यांचा नायनाट करा. हा हुकूम अधिकृतपणे रद्द व्हायला १९७६ साल उजाडावं लागलं! ऐन हिवाळ्यात हजारो बायकापोरं मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉयमध्ये आली आणि नदीच्या वळणावरच्या दलदलीत त्यांनी नॉवू हे शहर उभं केलं.

अशा माणसांना काय हवं असतं? मित्र. तेही कोर्टात, विधानसभेत, सरकारी कचेरीत बसलेले मित्र. इलिनॉयमधले असे बरेच लोक मेसन होते आणि संकटात सापडलेल्या भावाच्या मदतीला धावायचं ही मेसनची शपथ असते. मला तरी जोसेफनं त्या दारावर टकटक करण्याचं सर्वांत सरळ कारण हेच वाटतं. हायरम होताच, जोसेफचा जवळचा सहकारी हीबर किंबॉल जुना मेसन होता आणि नॉवूचा पहिला महापौर जॉन बेनेट यालाही लॉजची माहिती होती.

इलिनॉयचा ग्रँड मास्टर होता एब्रहॅम जोनस. हा ज्यू राजकारणी, एब्रहॅम लिंकनचा मित्र. मॉर्मनांची एकगठ्ठा मतं त्याच्या डोळ्यांसमोर नसतील असं म्हणणं कठीण आहे. १५ मार्च १८४२ रोजी तो स्वतः नॉवूला आला आणि त्यानं लॉजचं उद्घाटन केलं. त्याच संध्याकाळी जोसेफला पहिली पायरी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन्ही. एरवी सभासदाला मध्ये थांबून शिकावं लागतं, पण ग्रँड मास्टरच्या अधिकारात त्याला सरळ वर नेलं गेलं.

जोसेफला या पायऱ्या मिळाल्या त्या त्याच्या स्वतःच्या दुकानाच्या माडीवर. खाली पीठ, साखर, कापड, बूट. वर मोठी खोली. लाल विटांच्या त्या इमारतीला 'रेड ब्रिक स्टोअर' म्हणत.

एका खोलीतले पन्नास दिवस

या माडीवर पुढच्या पन्नास दिवसांत जे झालं तोच या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे, त्यामुळे इथे जरा थांबू या.

१५ आणि १६ मार्चला जोसेफ मेसन झाला. १७ मार्चला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, त्याच खोलीत वीस बायका जमल्या आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली, 'रिलीफ सोसायटी'. अध्यक्ष झाली जोसेफची बायको एमा. गरिबांना मदत, मंदिर बांधणाऱ्या मजुरांना कपडे शिवून देणं ही त्यांची कामं. ही संघटना आजही आहे आणि तिचे सभासद लाखांत मोजले जातात. लॉज ही जागाच मुळी पुरुषांची. तिच्या पाठोपाठ तिथेच बायकांची सभा भरावी याकडे मला दुर्लक्ष करता येत नाही.

मग ४ मे उजाडला. जोसेफनं माडी झाडाझुडपांनी सजवून घेतली, खोलीचे भाग पाडले आणि नऊ विश्वासू पुरुषांना बोलावून एक नवा विधी दिला. मॉर्मन त्याला 'एंडाउमेंट' म्हणतात, म्हणजे देवाकडून मिळालेली देणगी. त्या नऊ जणांत बहुतेक मेसनच होते. एक तर इलिनॉयचा उप-ग्रँड मास्टर जेम्स ॲडम्स. या लोकांनी काही आठवड्यांपूर्वीच लॉजचा विधी पाहिला होता, काहींनी तर कितीतरी वर्षं. त्यांना साम्य दिसलं नसेल असं होणंच शक्य नाही.

आणि दिसलंही. किंबॉलनं जूनमध्ये इंग्लंडमधल्या सहकाऱ्याला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की मेसनरीत आणि आपल्या याजकपदात साम्य आहे, आणि बंधू जोसेफ म्हणतो की मेसनरी मुळात या याजकपदातूनच निघाली, पण काळाच्या ओघात बिघडली. म्हणजे त्या काळच्या मॉर्मनांनी साम्य लपवलं नाही. उलट त्यांच्या दृष्टीनं मेसनांकडे उरले होते ते अवशेष, आणि जोसेफनं आणली ती मूळ, शाबूत वस्तू.

साम्य कशात आहे? ॲप्रनमध्ये, टप्प्याटप्प्यानं पुढे जाण्यात, ठरावीक रीतीनं हात धरण्यात, गुप्ततेच्या शपथेत, विधी नाटकाच्या रूपात करण्यात. मंदिरात शपथ घेतलेले मॉर्मन आतून जो पांढरा पोशाख घालतात त्यावर गुण्या आणि कंपासाच्या आकाराच्या बारीक खुणा असतात. चर्चनं २०१४ मध्ये या पोशाखाचा व्हिडिओ स्वतःच प्रसिद्ध केला, त्यामुळे आता त्यात चोरून सांगण्यासारखं काही नाही.

पण नाटकाची कथा मात्र पार वेगळी आहे. लॉजमध्ये कारागिराचा खून. मॉर्मन विधीत सृष्टीची निर्मिती, आदम आणि हव्वा, बागेतून बाहेर पडणं आणि देवाकडे परत जायची वाट. मेसनरी स्वतःला धर्म म्हणवत नाही, सदाचाराची शाळा म्हणवते. जोसेफसाठी हा प्रश्न मृत्यूनंतर घरची माणसं पुन्हा भेटतील की नाही इतका मोठा होता. त्याचे दोन भाऊ गेले होते, आपली कितीतरी लेकरं त्यानं आणि एमानं पुरली होती. नॉवूत त्यानं जो सगळा डोलारा उभा केला त्याच्या मध्यभागी हीच आशा आहे की नवरा-बायको आणि मुलं यांची गाठ मरणानंतरही सुटणार नाही.

मग ही चोरी म्हणायची का? टीकाकार 'हो' म्हणतात. आजचं चर्च म्हणतं की मेसनरीच्या अनुभवानं जोसेफला विचार करायला, देवाला विचारायला प्रवृत्त केलं असावं. इतिहासाच्या बाजूनं एक गोष्ट मात्र ठाम सांगता येते. मेसनरी सॉलोमनच्या मंदिरापासून चालत आली याला पुरावा नाही. तिची मुळं ब्रिटनमधल्या उत्तर-मध्ययुगीन गवंड्यांत सापडतात, त्यामागे नाही. त्यामुळे 'आमच्याकडे मूळ, त्यांच्याकडे अवशेष' हे किंबॉलच्या पत्रातलं स्पष्टीकरण टिकत नाही. पण रूप उसनं घेतलं म्हणून आतलं सगळं खोटं, असंही मला म्हणवत नाही. आपल्या घरात वाढदिवसाला आधी औक्षण होतं आणि मग केक कापतात. केक कुठून आला हे माहीत असूनही आजी नातवाला पहिला घास भरवतेच ना?

पण गुप्ततेचं तसं नाही. केकसारखी ती निरुपद्रवी नव्हती.

बायकांना दार उघडलं, पण...

२८ सप्टेंबर १८४३ पासून हा विधी बायकांनाही मिळू लागला. एमा त्यांतली अगदी पहिली. लॉजमध्ये बायकांना प्रवेश नव्हता, आणि इथे तर नवरा-बायको दोघांशिवाय विधीचा शेवट पूर्णच होत नव्हता. जोसेफनं मेसनरीत केलेला सर्वांत मोठा बदल कुठला, असं मला विचारलं तर मी हाच सांगेन.

मात्र त्याच सुमारास त्याच माणसांच्या वर्तुळात दुसरं एक गुपित वाढत होतं. बहुपत्नीत्व. जोसेफ गुपचूप अनेक बायकांशी लग्नं करत होता. चर्चनं २०१४ मध्ये मान्य केलं की ही संख्या तीस ते चाळीसच्या दरम्यान असावी. त्यांतल्या काहींचे नवरे हयात होते. एमाला बऱ्याच लग्नांचा पत्ता नव्हता, आणि कळल्यावर ती आतून कोसळली. अशा वेळी तोंड बंद ठेवणारी माणसं लागतात. मेसनरीचं गुपित म्हणजे गुपित राखता येणं, असं जोसेफ उघड बोलायचा. रिलीफ सोसायटीतल्या बायकांनाही मेसनरीचाच दाखला देऊन गुप्तता शिकायला सांगितलं गेलं. ज्यांनी गुपित ठेवायचं त्यांत एक होती एमा, आणि ते तिच्याच संसाराविषयीचं होतं!

आणि इथे ल्युसिंडा परत येते. नवरा नाहीसा झाल्यावर चार वर्षांनी तिनं जॉर्ज हॅरिसशी लग्न केलं. पुढे दोघं मॉर्मन झाले, सगळ्यांबरोबर मिसूरीत गेले, तिथून नॉवूत. जोसेफशी गुप्त विवाह झालेल्या बायकांच्या यादीत इतिहासकार तिचं नाव घालतात. मेसनांचं गुपित फोडू पाहणाऱ्याची बायको, आता दुसऱ्या एका गुपिताच्या आत. जानेवारी १८४६ मध्ये नॉवूच्या मंदिरात तिची गाठ अनंतकाळासाठी जोसेफशी बांधली गेली. जोसेफ तोवर मरून दीड वर्ष झालं होतं. त्याच्या जागी उभा राहिला तिचा हयात नवरा हॅरिस. मी हे वाक्य वाचून पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. तिला काय वाटलं असेल?

भावांनी दिलेला धोका

मेसनांशी मैत्री फार टिकली नाही. नॉवूत सभासद इतक्या झपाट्यानं भरती झाले की थोड्याच काळात तिथले मेसन हजाराच्या वर गेले. उरलेल्या सगळ्या इलिनॉयमध्ये मिळून तेवढे नव्हते. म्हणजे मतदान झालं तर राज्याची ग्रँड लॉज मॉर्मनांच्या हातात! शेजारच्या क्विन्सी गावच्या लॉजनं तक्रार केली की नियम मोडून घाऊक भरती चालली आहे. ऑगस्ट १८४२ मध्ये काम थांबवलं गेलं, मग पुन्हा परवानगी मिळाली आणि १८४३ च्या ऑक्टोबरात परवाने रद्दच झाले. नॉवूकरांनी ते मनावर घेतलं नाही. एप्रिल १८४४ मध्ये त्यांनी नवाकोरा विटांचा मेसॉनिक हॉल थाटात उघडला. तिकडे महापौर बेनेट आधीच चर्चमधून हाकलला गेला होता आणि त्यानं १८४२ मध्येच जोसेफची लफडी चव्हाट्यावर मांडणारं पुस्तक काढलं होतं.

शेवट एका वर्तमानपत्रानं झाला. ७ जून १८४४ रोजी नॉवूतल्या असंतुष्टांनी 'नॉवू एक्स्पोझिटर' काढून बहुपत्नीत्वावर बोट ठेवलं. पहिलाच अंक शेवटचा ठरला, कारण तीन दिवसांनी नगर परिषदेच्या ठरावानं तो छापखाना मोडून टाकण्यात आला आणि जोसेफ तेव्हा स्वतःच महापौर होता. मॉर्गनच्या छापखान्याला मेसनांचा धाक होता, इथे छापखाना जोसेफच्या हुकमानं फुटला. अठरा वर्षांत चक्र असं फिरलं.

जोसेफ आणि हायरमला कार्थेज गावच्या तुरुंगात ठेवलं. गव्हर्नरनं संरक्षणाचं वचन दिलं होतं. २७ जूनच्या दुपारी तोंडाला काळं फासलेला जमाव चाल करून आला. हायरम आधी पडला. जोसेफकडे लपवून आणलेलं पिस्तूल होतं, ते त्यानं चालवलं आणि मग तो खिडकीकडे धावला. खिडकीतून त्यानं देवाला हाक मारली, पण ती हाक अर्धीच राहिली. संकटातला मेसन ज्या शब्दांनी मदत मागतो त्यांची सुरुवात अगदी तशीच असते, आणि पुढे येतो तो 'विधवेचा मुलगा'. जोसेफ त्या शब्दांपर्यंत पोचण्याआधीच गोळ्या लागून खाली पडला. वय अडतीस. त्याची आई ल्युसी तेव्हा खरंच विधवा होती.

मॉर्मनांच्या वर्तमानपत्रानं पुढच्याच महिन्यात लिहिलं की आमच्या माणसांनी मेसनांची खूण दिली आणि समोर मेसन असूनही कुणी धावलं नाही. खटला पाच जणांवर चालला आणि मे १८४५ मध्ये पाचही सुटले. ज्या भावकीच्या भरवशावर लॉजचं दार ठोठावलं होतं ती अशी उपयोगी पडली.

वाळवंटातलं पोळं

विधी मात्र राहिला. डिसेंबर १८४५ ते फेब्रुवारी १८४६ या थंडीत, शहर सोडायची तयारी एका बाजूला चालू असताना, नॉवूच्या अर्धवट मंदिरात पाच हजारांहून जास्त माणसांनी रात्रंदिवस रांगा लावून तो घेतला. मग ब्रिगहॅम यंगच्या मागून ते बैलगाड्यांनी निघाले आणि २४ जुलै १८४७ रोजी यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. तिथल्या मंदिराला चाळीस वर्षं लागली, १८५३ ते १८९३. बाहेरच्या भिंतीवर हस्तांदोलन करणारे दोन हात आणि सर्वसाक्षी डोळा कोरलेला आहे. युटा राज्याचं बोधचिन्ह मधमाश्यांचं पोळं. मेसनांकडेही पोळं असतं, उद्योगीपणाची खूण म्हणून, आणि बुक ऑफ मॉर्मनमध्येही मधमाशीसाठी खास शब्द आहे. कुणी कुणाकडून घेतलं हे इथे वेगळं काढता येत नाही.

युटात मॉर्मनांनी नवा लॉज काढला नाही. तिथला लॉज मॉर्मनेतर लोकांचा झाला. १८७२ मध्ये युटाची ग्रँड लॉज बनली तेव्हापासून मॉर्मनांना आत घ्यायचं नाही हा रिवाज होता. १९२५ मध्ये तो लेखी नियम झाला आणि थेट १९८४ मध्ये काढला गेला. म्हणजे ज्या गावात जवळपास सगळेच शेजारी मॉर्मन, तिथे एकाही शेजाऱ्याला दार उघडायचं नाही! आज कुणीही दोन्हीकडे सभासद होऊ शकतो.

१९९० मध्ये चर्चनं मंदिराच्या विधीतून गुपित फोडल्यास होणाऱ्या शिक्षेचे हावभाव काढून टाकले. मेसनांच्या जुन्या शपथांशी सर्वांत जवळचं असलेलं तेच होतं. विधीत त्यानंतरही बदल होत आले आहेत. जगभरात या चर्चचे एक कोटी सत्तर लाखांहून जास्त सभासद आहेत. त्यांतल्या अनेकांना ही सगळी हकीकत मोठेपणी, मोबाईलवर, एकट्यानं वाचायला मिळाली. 'हे मला घरी कुणी का सांगितलं नाही?' हा त्यांचा राग मला समजतो. अलीकडे चर्चच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मेसनरीवर लेख आहे आणि त्यात साम्यं कबूल केली आहेत.

आपल्याकडेही दोन्ही पावलं फार लवकर उमटली. मुंबईतल्या लॉजनं दार बंद ठेवलं म्हणून माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी पॅरिसला जाऊन मेसनरीची दीक्षा घेतली, आणि डिसेंबर १८४३ मध्ये मुंबईत खास हिंदी लोकांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हा लॉज निघाला. म्हणजे नॉवूत एमा माडीवरचा विधी घेत होती त्याच सालात. पुढे १८५० च्या दशकात ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी मुंबई आणि पुण्याच्या छावणीत प्रचार करून गेला. फार कुणी हाती लागलं नाही. २०१८ मध्ये चर्चनं बंगळुरूत मंदिर बांधायची घोषणा केली, भारतातलं पहिलं.

नॉवूतलं ते दुकान? एमा पश्चिमेला गेलीच नाही. ती नॉवूतच राहिली, पुन्हा लग्न केलं आणि १८७९ मध्ये तिथेच वारली. नवऱ्यानं दुसरी लग्नं केलीच नाहीत असं ती शेवटपर्यंत सांगत होती. तिच्या मुलानं वेगळं चर्च चालवलं. त्या चर्चनं माडीवरचा विधी कधीच स्वीकारला नाही, पण दुकानाची जागा मात्र त्याच्याकडेच राहिली. मूळ इमारत पडली, विसाव्या शतकात तिथेच तशीच नवी बांधली. मार्च २०२४ मध्ये युटाच्या चर्चनं इतर काही जागांसोबत ती विकत घेतली. आता तिकडे गेलात तर खाली दुकान दिसतं आणि जिन्यानं वर गेलं की ती खोली. मेसनांचे ॲप्रन, वीस बायकांची सभा आणि कुंड्यांतली बाग, सगळं एवढ्याशा जागेत कसं मावलं, असं वाटेल तुम्हाला.